दुसरीच्या ओटीतले तांदूळ

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी बरकतपुऱ्यात जाऊन चतुराबाईंना विचारावं. दुसऱ्या मजल्यावर, निळ्या ग्रिलचं दार. त्या चहा देतील, सगळं सांगतील. तांदळाचा डबा मात्र आता त्यांच्या स्वयंपाकघरात दिसणार नाही. तो त्या बाहेर ठेवतात, गॅलरीत.

का, ते ऐका.

न दिसणारी पाहुणी अंधारातच येते असं आपण धरून चालतो. ही आली भर दुपारी. यंदाच्याच जानेवारीतला मंगळवार, दुपारचे पावणेचार. खाली रस्त्यावर कांदेवाल्याचा गाडा उभा होता. ऊन गॅलरीतून आत येऊन फरशीवर आडवं पडलं होतं.

आणि त्रिवेणी शिकवत होती.

त्रिवेणी चतुराबाईंची सून. हिम्मतराव, म्हणजे तिचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. घरात उरल्या तिघी: सासू, सून आणि अकरा वर्षांची सायली. त्रिवेणी बारा वर्षं तासांवर इंग्रजी शिकवत होती. सकाळी नारायणगुड्याच्या कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी स्पोकन इंग्लिशच्या वर्गात. रात्री घरी आली की चपला काढायलासुद्धा वाकवत नसे. उभ्या उभ्याच पायाने पाय दाबून ती चप्पल काढायची. दरवर्षी जूनमध्ये विचारायचं, यंदा घेणार ना? त्या विचारण्याचाच तिला थकवा आला होता. नंतर नंतर वाटायचं, आपली हाडंही तासांवरच आहेत.

म्हणून तिने परदेशातल्या नोकरीचा अर्ज भरला.

आखातातलं एक विद्यापीठ. पण विद्यापीठ स्वतः शिक्षक घेत नाही. ते कंत्राट देतं, कंत्राटदार आपल्याकडे माणसं शोधतो. त्याचं ऑफिस नारायणगुड्यात, चपलांच्या दुकानाच्या वर. तिथला अनिल म्हणून पोरगेला माणूस सगळं बघायचा. मेडिकल, सर्टिफिकेटांवरचे शिक्के, पासपोर्ट. तो म्हणाला, व्हिसा येईपर्यंत घरूनच शिकवा मॅडम. बॅच अर्ध्यात अडकलीय, आधीच्या मॅडम सोडून गेल्या.

आणि त्याने एक काळी बॅग पुढे सरकवली. लॅपटॉप, हेडफोन, वर्कबुक. कंपनीचा माल. एक शिक्षिका गेली की तीच बॅग दुसरीकडे जाते, अशी तिथली पद्धत.

त्रिवेणीने घरी येऊन बॅग उघडली. बाजूच्या कप्प्याची चेन अडकली होती. जोर लावून ओढली...

आत हिरव्या खणाची एक पुरचुंडी होती.

गाठ सोडली. मूठ-दीड मूठ तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी. किती महिने तशीच बांधलेली कोण जाणे, हळद सुटून तांदूळ पिवळट पडले होते. कोणाची तरी ओटी. कोणाच्या तरी आईने निघताना भरलेली.

त्रिवेणी तशीच बसून राहिली. हिम्मतराव गेल्यापासून कोणी तिची ओटी भरली नव्हती. हळदीकुंकवाला ती जायची, कोपऱ्यात बसायची, दुधाचा पेला घेऊन यायची. तिला कळण्याआधीच तिने पदर पसरला आणि ते तांदूळ स्वतःच्या ओटीत ओतून घेतले. क्षणभर. बघू तरी कसं वाटतं ते.

मग तिचं तिलाच हसू आलं. हळकुंड आणि सुपारी देवापुढे ठेवली. तांदूळ केरात टाकवेनात, अन्नच ते. स्वयंपाकघरात गेली आणि तिने ते तांदळाच्या डब्यात रिकामे केले.

आपल्यात ओटीचे तांदूळ सगळेच्या सगळे कोणी नेत नाही. निघणारीने उंबऱ्याशी त्यातले पाच दाणे मागे टाकायचे असतात. दाणे ज्या घरात राहिले, त्या घरी बाई परत येते.

हे त्रिवेणीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती दमलेली होती.

वर्गाचा तो तिसरा दिवस. तिकडे दुपारचा एक, इकडे साडेतीन. पडद्यावर सव्वीस काळे चौकोन. मुलींच्या वर्गात कॅमेरा कधीच लावत नाहीत, फक्त नावं दिसतात. नावांना शिकवायचं, नावांकडून उत्तर घ्यायचं. त्रिवेणी भूतकाळाची रूपं सांगत होती. मध्येच रीम नावाच्या चौकोनातून आवाज आला, अगदी अदबीने, इंग्रजीत.

"मिस, तुमच्या मागे कोण गातंय?"

त्रिवेणीने हेडफोन काढला.

घर गप्प होतं. सायली शाळेत. चतुराबाई काचीगुड्याला, बहिणीकडे. दाराला आतून कडी.

"कोणी नाही," ती म्हणाली. "रस्त्यावरचं असेल."

"नाही मिस. जवळ आहे..."

दुसऱ्या एका चौकोनातून हलकंसं हसू आलं. तिसरी म्हणाली, छान आहे, गाऊ द्या ना.

सव्वीस मुलींना ऐकू येत होतं. एकट्या तिला नाही.

आणि मग तिलाही काहीतरी ऐकू आलं. स्वयंपाकघरातून.

टण्ण.

तांदळाच्या डब्याचं झाकण. उचलून परत ठेवल्यासारखं...

ती उठून गेली. डबा जागेवर. झाकण बंद. ओट्यावर ऊन.

कोणी म्हणेल, उंदीर. तिनेही तेच म्हटलं. दमलेल्या माणसाला कारण सापडलं की ते सोडवत नाही.

पण त्या आठवड्यात चतुराबाईंनी तीनदा चार ताटं मांडली. स्वतःच मांडायच्या, स्वतःच चिडायच्या. "कामून असं करायले मी?" म्हणून चौथं ताट मांडणीवर परत ठेवायच्या. सायली हसायची, आजी, तुझं काउंटिंग वीक झालं.

मग सायलीचं हसू थांबलं. एका सकाळी ती इंग्रजीची वही घेऊन आली.

"आई, तू माझी बुक चेक केलीस?"

त्रिवेणीने केली नव्हती. वहीत निबंधाखाली लाल शाईची बरोबरची खूण होती. खुणेच्या पोटात एक छोटं टिंब. दोन स्पेलिंगं दुरुस्त केलेली. कडेला इंग्रजीत लिहिलेलं, छान, अजून लिही.

अक्षर गोल होतं. त्रिवेणीचं तिरकं आहे.

तिला ते अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. दुपारी वर्गाआधी तिने त्या काळ्या बॅगेतलं वर्कबुक उघडलं. पहिल्या धड्याच्या कडेला, दुसऱ्या धड्याच्या कडेला... लाल खुणा.

प्रत्येक खुणेच्या पोटात एक टिंब.

त्या दिवशी तिने चतुराबाईंना सांगितलं, आज बहिणीकडे जाऊ नका, माझ्याजवळ बसा. वर्ग सुरू झाला. हेडफोन काढून ठेवला, आवाज मोकळा सोडला. आणि रीमला विचारलं, ते गाणं आजही ऐकू येतंय का?

येतंय, मिस.

मला म्हणून दाखवशील?

रीम लाजली. मग म्हणाली, ते तर आम्हाला पाठच आहे. मिस उषा म्हणायच्या. आम्ही पेपर लिहीत असलो की त्या फेऱ्या मारत म्हणायच्या. मिस उषा आता तुमच्याकडे राहतात का?

आणि तिने ते म्हटलं. शब्द मोडके, अरबी वळणाचे. पण चाल जात्यावरची.

*निघाली लेक माझी, ओटी भरू तांदळाची...*
*पाच दाणे ठेव मागं, खूण परत येण्याची...*

चतुराबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

लहानपणी माहेरी, भालकीला, त्यांनी पहाटे उठून जातं ओढलेलं. असल्या ओव्या त्यांच्या अंगात मुरलेल्या. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग सुनेकडे. पडदा बंद झाल्यावर हळूच विचारलं.

"त्रिवेणी, माय, तू कोणाची ओटी घरात आणलीस का?"

त्रिवेणीने सांगितलं. पदरात घेतली तेही सांगितलं. मान खाली घालून.

चतुराबाई रागावल्या नाहीत. त्या मोजत होत्या, मनातल्या मनात. आठ दिवस. सकाळ-संध्याकाळ भात.

"आपण खाल्ली ग," त्या म्हणाल्या. "तिची ओटी आपण तिघींनी खाल्ली."

स्वयंपाकघरात झाकण वाजलं.

टण्ण.

या वेळी दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणी नारायणगुड्याला गेली. अनिलला तिने एकच विचारलं, उषा मॅडम सोडून कुठे गेल्या? तो आधी फायली चाळू लागला. मग पाण्याची बाटली शोधू लागला. शेवटी म्हणाला, मॅडम, टेन्शन घेऊ नका. त्या तिकडेच गेल्या. नोव्हेंबरात. क्वार्टरमध्ये झोपल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरने हार्ट लिहिलंय. मुलींना सांगितलं नाही, परीक्षा होती. बॉडीची पेटी यायला महिना लागला. सूटकेस घरच्यांना पोचवली. लॅपटॉपची बॅग कंपनीची, म्हणून ती इकडे आली. कप्पे कोण बघतंय मॅडम.

"घर कुठलं त्यांचं?"

"हे काय, गौलीगुड्यात. आई असते एकटी."

घरी येऊन सासू-सुनेने जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि डबा पालथा केला. पांढऱ्या तांदळाचा ढीग. त्यातून निदान पाच पिवळे दाणे शोधायचे, तिच्या घरच्या उंबऱ्यासाठी. सायलीही येऊन बसली, तिला खेळ वाटला. मग तीही डोळे बारीक करून एकेक दाणा बघू लागली.

ऊन सरकत गेलं. पाठी भरून आल्या. एक सापडला. बऱ्याच वेळाने दुसरा. चादरीच्या टोकाशी तिसरा. चौथा डब्याच्या बुडाला चिकटलेला.

पाचवा सापडला नाही.

तिघींनी ढीग पुन्हा चाळला. पुन्हा एकदा. चतुराबाईंनी ओटा पुसला, फडकं झटकलं, डब्याच्या कडेतून सुई फिरवली.

नाही.

तो तिघींपैकी कोणाच्या तरी पोटात गेला होता.

गौलीगुड्यात भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. उषाच्या आईने, सावित्रीबाईंनी, दार उघडलं ते लगबगीने, जणू कोणाची वाटच बघत होत्या. मग चेहरा विझला. त्रिवेणी म्हणाली, मी उषाताईंच्या जागेवर आलेय. त्या म्हणाल्या, ये बाई, बस.

त्यांनी सांगितलं ते असं. उषाचं नवऱ्याशी पटलं नाही, माहेरी आली, वीस वर्षं पोरं शिकवली. गेल्या ऑगस्टात निघाली त्या दिवशी त्यांनी ओटी भरली, ओवी म्हटली. खालून गाडीवाला हॉर्न देत होता, अनिलचे फोनवर फोन. उषा बॅगा उचलून धावली. जिन्यातून त्या ओरडल्या, दाणे टाक ग. ती खालूनच म्हणाली, आई, पुढच्या वेळी.

"पेटी आली," सावित्रीबाई म्हणाल्या. "मी केलं सगळं. पण ती घरी आली नाही. आईला कळतं ना."

त्रिवेणीने हिरवा खण उघडून पुढे ठेवला. हळकुंड, सुपारी आणि चार दाणे.

म्हातारीने बोटाने एकेक दाणा सरकवला. खूप हळू.

"पाचवा?"

त्रिवेणीने त्यांचे पाय धरले.

सावित्रीबाईंनी ते चार दाणे उंबऱ्याच्या आत ठेवले. वर वाटी पालथी घातली, वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून. मग त्या त्रिवेणीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, जाऊ दे. चार पावलं तर आली. एका पावलासाठी कुठे अडेल ती.

त्यानंतर बरकतपुऱ्यातलं घर शांत झालं. झाकण वाजेना. चतुराबाईंची ताटं बरोबर तीन. वर्गात रीमने विचारलं, मिस, गाणं बंद झालं? तिचा आवाज हिरमुसलेला होता. त्रिवेणीलाही, का कोण जाणे, दुपारी घर जरा जास्तच रिकामं वाटू लागलं.

व्हिसा आला. फेब्रुवारीतला शुक्रवार ठरला.

जावं की न जावं, हा विचार तिने केला नाही असं नाही. रात्र रात्र केला. पण जून पुन्हा येणार होता, पुन्हा तेच विचारणं येणार होतं. सायली म्हणाली, वर्षभरच ना आई? वर्षभरच, असं ती म्हणाली. परत येणारच आहे मी.

निघायच्या सकाळी चतुराबाईंनी पाट मांडला.

त्रिवेणी म्हणाली, आत्याबाई, माझी कशाला...

"बस गप. माझ्या लेकाची बायको लांब चालली, मी भरणार. कोणाला बोलायचं त्याने माझ्याशी येऊन बोलावं."

नवे पांढरे तांदूळ, नारळ, खण. चार वर्षांनी त्रिवेणीच्या पदराला वजन आलं. त्या वजनाने तिला रडू फुटलं, आणि रडताना वाटलं की आता सगळा शीण या पदरात उतरवून इथेच झोपावं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

फोन वाजला. अनिल. मॅडम, लवकर, रिपोर्टिंग टाइम.

तिने ओटीतले पाच दाणे मोजून मुठीत घेतले. विसरायचं नाही, असं मनाशी घोकत दाराशी आली. सायलीचा पापा घेतला. उंबऱ्याशी वाकली...

तिथे एक दाणा होता.

एकच. पिवळा.

उंबऱ्याच्या बरोब्बर मध्यावर. आदल्या संध्याकाळी तिने स्वतः तिथे ओलं फडकं फिरवलं होतं.

मागे स्वयंपाकघरात झाकण वाजलं. हळूच, कोणी झोपलेलं उठू नये अशा बेताने.

टण्ण...

चतुराबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. सायली तिच्या कमरेला बिलगलेली.

स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं.

पुन्हा हॉर्न. पुन्हा फोन. बॅगा कोणी उचलल्या, जिना कसा उतरला, चतुराबाई वरून काय म्हणाल्या, तिला काही आठवत नाही. तो दाणा ओलांडू नये म्हणून तिने पाऊल वाकडं टाकलं, तेवढं आठवतं.

गाडी काचीगुडा सोडून पुढे गेली. आरामघरचा चौक आला. विमानतळाचा मोठा रस्ता लागला तेव्हा तिला हाताला कळ लागल्याचं जाणवलं. उजवी मूठ अजून आवळलेली होती.

तिने बोटं उघडली.

पाच दाणे. पांढरे. घामाने तळहाताला चिकटलेले.

ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. घड्याळ बघितलं. आणि मिटलं. गेली बारा वर्षं ती घड्याळ बघून तोंड मिटत आली होती.

तिने चतुराबाईंना फोन लावला. तुम्ही टाका ना माझ्यासाठी, ती म्हणाली. मूठभर तांदूळ घ्या आणि टाका.

"ज्याचे त्याने टाकायचे असतात, माय," चतुराबाई म्हणाल्या.

त्रिवेणी आता तिकडे आहे. वर्ग बरा चालतो. रीम पहिल्याच दिवशी भेटायला आली, चेहरा पहिल्यांदा दिसला, अगदी सायलीएवढा कोवळा. क्वार्टरमध्ये तिने कोणाला काही विचारलं नाही. कोणती खोली, कोणता पलंग. विचारून झोप थोडीच येणार आहे.

रोज संध्याकाळी ती घरी व्हिडिओ कॉल लावते. सायलीचं इंग्रजी खूप सुधारलंय. ती वही पडद्यासमोर धरते. लाल खुणा, पोटात टिंब. सायली आता विचारत नाही कोणी तपासली. तिला सवय झालीय. एकदा तर म्हणाली, आई, तू दमतेस ना, तू नको टेन्शन घेऊ, इथे होतं सगळं.

चतुराबाई मागे ताटं मांडत असतात. घरात दोघी, ताटं तीन. त्रिवेणीने एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, तिसरं तुझंच की ग.

असेलही.

ते पाच दाणे त्रिवेणीने काजळाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, उशाशी. जूनमध्ये सुट्टी आहे, तिकीट काढलंय. विमानतळावरून थेट घरी जायचं, उंबऱ्याशी उभं राहायचं, दाणे टाकायचे, मग आत पाऊल. सगळं ठरवलंय.

रोज झोपताना ती डबी उघडून बघते. हळकुंड तिच्याजवळ नाही. खण, नारळ, बाकीची ओटी खालच्या बॅगेत आहे, कुलपात.

परवा बघितलं तेव्हा त्यातला एक दाणा तिला जरा पिवळा वाटला...

दिव्याचा उजेड असेल.